‘उद्याची मंडळी’ आज कुठे बसते?

या रविवारी चर्चला जाल तेव्हा एक छोटंसं काम करा. उपासनेच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि नुसतं बघत राहा. खुर्च्या कोण लावतंय? माइकच्या वायरी कोण जोडतंय? गीतांचे शब्द पडद्यावर दिसावेत म्हणून लॅपटॉपशी कोण झटापट करतंय? संडे स्कूलच्या पोरांना गोळा करून कोण बसवतंय?

मग उपासना संपली की सूचनाफलकापाशी जा. तिथे कमिटीची यादी लावलेली असते. ती नावं वाचा आणि मनातल्या मनात प्रत्येकाच्या वयाचा अंदाज घ्या.

बऱ्याच ठिकाणी तुम्हाला असं दिसेल की सकाळी राबणाऱ्यांची यादी वेगळी आणि ठरवणाऱ्यांची यादी वेगळी. दोन्हींत एकही नाव सारखं नाही.

तुम्ही चर्चला जात नसाल, तरी हे चित्र तुम्हाला अनोळखी वाटणार नाही. देवळाचा ट्रस्ट असो, उत्सवाचं मंडळ असो की हौसिंग सोसायटी, मांडव घालायला पोरं आणि मांडव कुठे घालायचा हे ठरवायला काका. पण आज मी चर्चबद्दलच लिहिणार आहे. ते माझं घर आहे, आणि केर आधी आपल्या घरातला काढावा.

एक घडलेली गोष्ट सांगतो. ती सांगताना मला स्वतःला थोडी लाज वाटते, हे आधीच कबूल करतो.

मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला आणि आमच्या चर्चच्या दाराला कुलूप पडलं. पुढच्या रविवारी काय करायचं, हे आम्हा पंचांपैकी कोणालाच सुचत नव्हतं. तेव्हा मंडळीतल्या एका बावीस वर्षांच्या मुलीने पाळकसाहेबांना फोन केला. पाळकसाहेबांच्या घरातलं टेबल, त्यावर गीतांच्या पुस्तकांची चळत, चळतीला टेकवलेला मोबाइल, एवढ्या सामानावर आमची पहिली ऑनलाइन उपासना झाली. कॅमेरा कुठे ठेवायचा, आवाज कसा येईल, हे ती फोनवरून समजावत होती. आठवडाभर ती एकेका आजीला फोन करून लिंक कशी उघडायची ते शिकवायची. “आजी, ते निळं अक्षर दिसतंय ना, त्याच्यावर बोट टेकवा,” असं एकाच आजीला पाच-पाच वेळा. दानार्पण बंद पडलं होतं, तर तिने बँकेत खेटे घालून क्यूआर कोड मिळवला. पाळकसाहेबांचा पगार त्या वर्षी थांबला नाही, याचं बरंचसं श्रेय तिचं.

दोन वर्षांनी वार्षिक सभा झाली. खजिनदाराची जागा रिकामी होती. मागच्या बाकावरून कोणीतरी तिचं नाव सुचवलं. तिचं वय तेव्हा चोवीस, शिक्षण एम. कॉम., नोकरी एका लेखापालाच्या ऑफिसात. एक ज्येष्ठ गृहस्थ उभे राहिले आणि हसत म्हणाले, “पोरगी गुणाची आहे, प्रश्नच नाही. पण अजून लहान आहे. आत्ता कुठे शाळेतून आलीय. आणि उद्या लग्न होऊन गेली की वह्या कोणाकडे मागायच्या?”

सभेत हशा पिकला. तीही कसंनुसं हसली. अडुसष्ट वर्षांच्या एका काकांची निवड झाली. माणूस सज्जन, पण आकडेमोडीचा कंटाळा. मग पुढे काय झालं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. दर महिन्याच्या शेवटी काका जमाखर्चाची वही तिच्याच घरी पाठवू लागले. हिशेब ती लिहायची, खाली सही काकांची.

मी त्या सभेत पहिल्या रांगेत होतो. ती किती पात्र आहे हे मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो. ज्येष्ठांना भर सभेत कसं टोकायचं, हा विचार आड आला.

वर्षभराने तिने वही परत पाठवली. भांडण नाही, तक्रार नाही. रविवारी येणं हळूहळू कमी झालं, मग थांबलं. आम्ही मात्र प्रत्येक सभेत एकमेकांना विचारत राहिलो, “हल्लीची तरुण पिढी चर्चला का येत नाही हो?”

या सगळ्याला नाव एकच, वयावरून केलेला भेदभाव. शब्द जड वाटतो, कारण आपण तो सहसा म्हाताऱ्या माणसांबद्दल वापरतो. नोकरीत पन्नाशीच्या माणसाला डावललं की आपल्याला तो अन्याय दिसतो. तेच पंचविशीतल्या माणसाला डावललं की आपण त्याला संस्कार म्हणतो, शिस्त म्हणतो, कधी कधी तर प्रेम म्हणतो. “आधी संसाराला लाग, मग बघू.” “आम्ही तुमच्या वयाचे असताना तोंड उघडत नव्हतो.” यातलं एकही वाक्य शिवी नाही. म्हणून तर ते बोलणाऱ्याला टोचत नाही.

सगळ्यात गोड वाक्य तर आपण भाषणातच बोलतो, “तरुण ही उद्याची मंडळी आहे.” टाळ्या पडतात. पण नीट ऐका. उद्याची म्हणजे आजची नव्हे. वर्षातून एक ‘युवा रविवार’ त्यांना द्यायचा, शास्त्रपाठ त्यांनी वाचायचा, गीतं त्यांनी बसवायची, संदेशही त्यांच्यातल्याच एकाने द्यायचा. उरलेले ५१ रविवार पुन्हा खुर्च्या लावायच्या.

यातली विसंगती आपल्याच विधींत दडलेली आहे. आमच्याकडे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींचं दृढीकरण होतं. बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी मुलाच्या वतीने जे वचन दिलं, ते मूल आता स्वतःच्या तोंडाने देतं. त्या दिवशी आपण म्हणतो की आता तू मंडळीचा पूर्ण सभासद झालास, प्रभुभोजनाला ये. म्हणजे प्रभूच्या मेजावर त्याला पंधराव्या वर्षी जागा मिळते. कमिटीच्या टेबलावर मात्र चाळिसाव्या वर्षीही ‘अजून लहान’.

देशाचा कायदा याहून मोठ्या मनाचा आहे. १९८९ पासून भारतात मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. पंचविसाव्या वर्षी माणूस लोकसभेला उभा राहू शकतो. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये तर सोळा वर्षांच्या सभासदाचं नाव चर्चच्या मतदारयादीत येतं. जी व्यक्ती देशाचे कायदे करायला चालते, ती चर्चच्या छताची गळती कोणत्या ठेकेदाराकडून दुरुस्त करून घ्यायची हे ठरवायला का चालू नये?

आता ज्येष्ठांची बाजू. मी स्वतः साठीकडे झुकलोय, त्यामुळे ती मला आतून माहीत आहे.

पहिली भीती अनुभवाची. चर्चच्या मालमत्तेचे वाद असतात, कोर्टकचेऱ्या असतात, जुनी कागदपत्रं असतात. एक चुकीची सही मंडळीला पिढ्यान्‌पिढ्या महागात पडू शकते. ही भीती खरी आहे. दुसरी, तरुण टिकत नाहीत. आज इथे, उद्या नोकरीसाठी पुण्याला किंवा बेंगळुरूला. हेही खरं आहे. आणि तिसरी भीती आम्ही कधी उघड बोलत नाही. नोकरीतून निवृत्त झालो, मुलं दूर गेली, घरात कोणी काही विचारत नाही. ‘सेक्रेटरीसाहेब’ म्हणून हाक मारणारी एकच जागा उरलीय. ती सोडायची तर उरतं काय? वाचकहो, या भीतीला हसू नका. खुर्ची घट्ट धरणाऱ्या हातात पुष्कळदा लोभ नसतो, एकटेपण असतं.

पण भीतीवर उपाय करायचा असतो. तिला पवित्र शास्त्राचं कव्हर घालायचं नसतं. तेच आम्ही करतो. कमिटीत तरुणांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास रहबाम राजाची आठवण काढतो. शलमोनाच्या या मुलाने वडीलधाऱ्यांचा सल्ला झिडकारला, तरुणांचं ऐकलं आणि राज्य फुटलं. झालं, चर्चा संपली. पण हीच गोष्ट दोन अध्याय पुढे वाचा. गादीवर बसला तेव्हा रहबाम ४१ वर्षांचा होता, आणि ते ‘तरुण’ सल्लागार त्याच्याबरोबर लहानाचे मोठे झालेले होते. म्हणजे तेही चाळिशीच्या आसपासचेच. तिथे वय आडवं आलं नाही. लोकांवरचा भार हलका कर, असं सांगणाऱ्यांऐवजी तो आणखी वाढव म्हणणारे त्याला प्यारे वाटले. असे सल्लागार कोणत्याही वयात सापडतात.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलंही एक वचन असंच पुढे केलं जातं. मंडळीवर देखरेख करणारा नवशिका नसावा, असं तिथे आहे. पण नवशिका म्हणजे विश्वासात नुकताच आलेला. संडे स्कूलपासून जो वाढलाय, तो पंचविसाव्या वर्षी नवशिका कसा? आणि त्याच पत्रात, पुढच्याच अध्यायात पौल तीमथ्याला बजावतो की तुझ्या तरुणपणावरून कोणाला तुला कमी लेखू देऊ नकोस. आम्ही पहिलं वचन पाठ केलं, दुसरं सोडून दिलं.

इतिहासही आम्ही असाच अर्धा वाचतो. १८५४ साली लंडनमधल्या एका जुन्या, ओस पडत चाललेल्या चर्चच्या वडीलधाऱ्यांनी खेड्यातल्या एका उपदेशकाला पाळक म्हणून बोलावलं. त्याचं नाव चार्ल्स स्पर्जन आणि वय १९. काही वर्षांतच इतकी गर्दी होऊ लागली की नवं, प्रचंड चर्च बांधावं लागलं. स्पर्जनचं कौतुक सगळे करतात. मला कौतुक वाटतं ते त्याला बोलावणाऱ्या वडीलधाऱ्यांचं. त्यांची नावं आपल्याला माहीतही नाहीत.

त्याच्या दहा वर्षं आधी, १८४४ मध्ये, लंडनच्याच एका कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या जॉर्ज विल्यम्स या २२ वर्षांच्या तरुणाने मित्रांना जमवून एक संघ काढला. तीच आजची वायएमसीए, जिच्या इमारती तुमच्या-माझ्या शहरांत आहेत. आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर व्ही. एस. अझरिया. तमिळनाडूतला हा मुलगा विशीतच वायएमसीएच्या कामाला लागला, ३१ व्या वर्षी नॅशनल मिशनरी सोसायटीच्या स्थापनेत पुढे होता आणि १९१२ मध्ये, ३८ व्या वर्षी, अँग्लिकन चर्चचा पहिला भारतीय बिशप झाला. त्या वयाचा माणूस आज आमच्या वार्षिक सभेत उभा राहिला, तर कोणीतरी प्रेमाने म्हणेल, “बस बाळा, आधी मोठ्यांना बोलू दे.”

आणि बदल होऊ शकतो, हेही सांगतो. १९४८ मध्ये ॲम्स्टरडॅमला वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसची पहिली महासभा भरली, तेव्हा तरुणांच्या वतीने बोलायला फिलिप पॉटर हा २७ वर्षांचा कॅरिबियन तरुण उभा राहिला. १९७२ मध्ये तोच त्या संस्थेचा सरचिटणीस झाला. व्हॅटिकनमध्ये २०१८ साली खास तरुणांच्या विषयावर बिशपांची सिनड झाली. तरुणांना बोलावलं, त्यांचं ऐकलं, पण मत द्यायचा हक्क त्यांना नव्हता. पाच वर्षांनी, २०२३ च्या सिनडमध्ये, बिशप नसलेल्या स्त्री-पुरुषांनाही मताचा हक्क मिळाला आणि त्यांत तरुणही असावेत असं सांगितलं गेलं. एवढी जुनी, एवढी मोठी संस्था पाच वर्षांत तेवढी सरकू शकते, तर आमची दीडशे घरांची मंडळी का नाही?

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळ्यांत या दुखण्याला आणखी एक पदर आहे. तिथली मुलं गुजराती, हिंदी किंवा कन्नड शाळांत शिकतात. शास्त्रपाठ वाचताना एखादा जोडशब्द अडखळतो आणि पुढच्या बाकावरून हसू ऐकू येतं. मूल त्या दिवशी दोन गोष्टी शिकतं, आपण लहान आहोत आणि आपण पुरेसे मराठीही नाही. मग ते शेजारच्या इंग्रजी उपासनेला जातं, आणि आपण म्हणतो की पोरांना मराठीची गोडी उरली नाही.

तर करायचं काय? फार मोठं काही नाही.

आपल्या मंडळीची नियमावली काढा आणि वाचा. सभासदत्वाचं वय, कमिटीचं वय, सलग किती वेळा निवडून येता येतं, हे सगळं त्यात असतं. पुष्कळदा तरुणांना अडवणारा नियम नसतोच, असते ती फक्त वहिवाट. नियम असेल तर तो वार्षिक सभेत बदलता येतो.

तरुणांसाठी जागा ठेवायची तर एक ठेवू नका, निदान दोन ठेवा. पंधरा ज्येष्ठांत एकटा पडलेला तरुण दोन सभांत गप्प होतो. त्याला सभेनंतर चहाचे कप गोळा करायला लावू नका. लावायचे तर सगळ्यांनी आळीपाळीने करा.

अनुभवाची भीती वाटत असेल तर जोड्या लावा. खजिनदार तरुण, सोबतीला जुना जाणता, किंवा उलट. दोघांच्या सह्या असल्या की चूक पकडायला चार डोळे मिळतात, आणि जुनी कागदपत्रं कोणत्या कपाटात आहेत हे ज्ञान एका माणसाबरोबर जात नाही. तरुण दुसऱ्या गावी गेला तरी शिकलेलं घेऊन जातो, तिथल्या मंडळीच्या उपयोगी पडतो.

काम देता तसा अधिकारही द्या. जी मुलगी साउंड सांभाळते, तिला विचारल्याशिवाय नवा स्पीकर आणू नका. आणि सभा मंगळवारी सकाळी अकराला ठेवून ‘तरुण येत नाहीत’ म्हणू नका. मंगळवारी अकराला ते ऑफिसात असतात.

तरुण वाचकांनो, तुमच्याशीही दोन शब्द. रागावून निघून जाणं सोपं आहे, आणि कधी कधी तेवढंच हातात उरतं, हेही मला कळतं. पण राहू शकत असाल तर राहा. सभेला वेळेवर या. बोलण्याआधी मागच्या वर्षाचा अहवाल वाचा. आकडा तोंडावर असलेल्या माणसाला ‘लहान आहेस’ म्हणणं जड जातं. आणि ज्या काकांचा तुम्हाला राग येतो, त्यांना एकदा विचारा, हे चर्च बांधताना तुम्ही किती वर्षांचे होता? आमच्या मंडळीतल्या त्या ज्येष्ठांना मी हा प्रश्न नंतर विचारला. ते पहिल्यांदा सेक्रेटरी झाले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. स्वतःच दचकले.

शेवटी शमुवेलाची गोष्ट. संडे स्कूलमध्ये आपण सगळ्यांनी ऐकलेली. शिलोच्या मंदिरात रात्री त्या मुलाला हाक ऐकू येते आणि तो धावत म्हाताऱ्या एली याजकाकडे जातो. एकदा, दोनदा, तीनदा. लहानपणी आपल्याला यात शमुवेलच दिसायचा. आता या वयात मला एली दिसतो. डोळे अधू झालेले, आयुष्यभर मंदिरात सेवा केलेली, आणि देव हाक मारतोय ती शेजारच्या पोराला! तिसऱ्यांदा एलीच्या ध्यानात येतं. “मला सोडून याला का?” असं तो म्हणत नाही. ‘लहान आहेस, झोप’ असंही म्हणत नाही. उत्तर कसं द्यायचं, हे तो त्याला शिकवतो. आणि सकाळी, मुलगा सांगायला घाबरतोय हे ओळखून म्हणतो की माझ्यापासून काही लपवू नकोस. तो निरोप एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. तरी त्याने तो पूर्ण ऐकून घेतला.

एलीने आपल्या मुलांच्या बाबतीत चुका केल्याच होत्या, शास्त्र ते झाकत नाही. पण त्या रात्री तो योग्य वागला. तसं वागायला म्हातारपण आड आलं नाही, उलट उपयोगी पडलं.

गेल्या महिन्यात मी त्या मुलीला फोन केला. तीन वर्षं उशिरा. म्हणालो, “त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. चुकलो.” ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “काका, तुम्ही बोलला असता तरी मी निवडून आले नसतेच. पण एकटी नसते पडले.”

ती परत येईल का, मला माहीत नाही. तसं विचारायचा हक्कही मला वाटला नाही. आमची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. या वेळी मागच्या बाकावरून एखादं तरुण नाव आलं, तर अनुमोदनाला हात माझा असेल. हशा पिकला तरी.

तुमच्या मंडळीची सभा कधी आहे?